विठाईचा लेक आणि लेकींचं राज्य

मैत्रिणींनो, यशवंतराव चव्हाण म्हटलं की आपल्याला 1 मे 1960 आठवतो. पण आणखी एका राज्याच्या जन्माशी त्यांचं नाव जोडलेलं आहे. ते राज्य म्हणजे मेघालय.

12 मार्च 1913 ला देवराष्ट्रे इथे त्यांचा जन्म झाला. वडील लहानपणीच गेले. आई विठाबाईंनी कष्टानं मुलं वाढवली. 1942 मध्ये लग्न होऊन आलेल्या वेणूताईंनाही स्वातंत्र्यलढ्यापायी तुरुंग पाहावा लागला.

1966 ते 1970 यशवंतराव देशाचे गृहमंत्री होते. तेव्हा आसामातल्या खासी, जयंतिया, गारो लोकांना वेगळं राज्य हवं होतं. 1960 मध्ये आसामी राजभाषा झाली आणि आपली भाषा, चालीरीती बुडतील अशी भीती त्यांना वाटू लागली. 1969 साली बाविसावी घटनादुरुस्ती आणि मेघालयाचा कायदा झाला. 2 एप्रिल 1970 ला आसामच्या पोटात स्वायत्त राज्य, तर 21 जानेवारी 1972 ला पूर्ण राज्य आलं. सहाव्या अनुसूचीमुळे जमीन, लग्न, वारसा यांचे रिवाज तिथल्या स्वायत्त जिल्हा परिषदांच्या हाती राहिले.

खासींमध्ये मुलं आईचं कुळ लावतात आणि कुळाचं घर धाकट्या लेकीकडे जातं. गावच्या दरबारात मात्र परंपरेनं पुरुषच बसत आले, हेही खरंच.

25 नोव्हेंबर 1984 ला यशवंतराव गेले. आपल्या मुलुंडमध्ये काय दिसतं? कायदा लेकीच्या बाजूनं, तरी भाऊ हक्कसोडपत्र पुढे करतो आणि बहीण मुकाट सही करते. सही करण्याआधी एकदा तरी विचार करूया ना!