पंतानी परतला तेव्हा

आमच्या पिपलानीत अजूनही सायकलवर भेलमध्ये ड्यूटीला जाणारे काका दिसतात. मीही सायकलवेडा, म्हणून मार्को पंतानीबद्दल लिहितोय.

१९७० साली इटलीत जन्मलेला हा किरकोळ अंगाचा गडी घाट चढायला लागला की भलेभले मागे पडायचे. १९९५च्या अपघातात पाय मोडला, तरी १९९८मध्ये त्यानं इटलीची जिरो आणि टूर द फ्रान्स, दोन्ही शर्यती मारल्या. ५ जून १९९९ला मात्र, जिरोत आघाडीवर असताना, रक्तात तांबड्या पेशींचं प्रमाण ५२ टक्के निघालं. मर्यादा ५०ची. शर्यतीतून थेट बाहेर!

२०००च्या टूरमध्ये तो परतला, दोन टप्पे जिंकला. कुणी जल्लोष केला, कुणाला शंका छळत राहिली. १४ फेब्रुवारी २००४ला रिमिनीच्या हॉटेलात कोकेननं त्याचा जीव घेतला. वय अवघं ३४. पुढे २०१३मध्ये फ्रेंच सिनेटच्या अहवालातून कळलं, १९९८च्या त्याच्या नमुन्यांत ईपीओ हे बंदी असलेलं औषध होतं.

त्याचे जुने व्हिडिओ बघताना मी आजही खुर्चीतून उठतो, मग ओशाळतो. खोटं ते खोटंच. पण आपण चाहते परतलेला चॅम्पियन शोधत बसतो, खचलेल्या माणसाची विचारपूस राहूनच जाते.