लक्ष्मीबाई टिळकांचे सोवळे



लक्ष्मीबाई टिळक आपल्याच नाशिक जिल्ह्यातल्या. १८६८ साली जलालपूरच्या गोखले कुटुंबात त्यांचा जन्म झाला. त्या कॅथलिक नव्हत्या, प्रॉटेस्टंट होत्या. तरीही धर्म आणि माणुसकी यांच्या नात्याविषयी बोलताना मला त्यांच्याइतका जवळचा दाखला दुसरा सापडत नाही.

घर अतिशय कर्मठ होते. १८५७च्या धामधुमीत त्यांच्या आईच्या वडिलांना फाशी झाली. त्या धक्क्याने लक्ष्मीबाईंचे वडील सोवळ्यात असे गुरफटले की, बाजारातली वस्तूही धुतल्याशिवाय घरात येत नसे. जाच झाला तो आईला आणि मुलांना. धर्म भीतीच्या हाती गेला म्हणजे काय होते, ते या मुलीने लहानपणीच पाहिले. तरी सोवळे तिच्याही अंगवळणी पडलेच.

वयाच्या अकराव्या वर्षी नारायण वामन टिळकांशी लग्न झाले. १८९५ साली टिळक मुंबईत ख्रिस्ती झाले आणि घरात आकांत उडाला. पदरी लहानगा दत्तू. नवरा हयात असून लक्ष्मीबाईंवर पंढरपुरात नातलगांकडे दिवस काढण्याची वेळ आली. काही वर्षांनी त्या पतीकडे परतल्या, पण ख्रिस्ती व्हायला नव्हे. चूल वेगळी मांडली. टिळकांनी सक्ती केली नाही. आपल्या श्रद्धेबद्दल एवढी तळमळ असलेला माणूस पत्नीच्या विवेकबुद्धीसाठी थांबून राहतो, हे मला त्यांच्या कवितांहूनही मोठे वाटते.

पुढे एकदा विचार करता करता लक्ष्मीबाईंना आतूनच उमगले की, माणसांतल्या उच्चनीच जाती देवाने केलेल्या नाहीत, माणसानेच केल्या आहेत. यापुढे कोणाच्याही हातचे खायचे, असे त्यांनी ठरवले. तेव्हा त्या हिंदूच होत्या, हे ध्यानात घ्या. बाप्तिस्मा नंतर झाला, १९०० साली. दैवी कृपा मनुष्यस्वभाव पुसून टाकत नाही, त्याला पूर्णत्वास नेते, असे संत थॉमस आक्विनास शिकवतो. इथे माणुसकी आधी जागी झाली आणि श्रद्धा तिच्या मागोमाग आली. आपल्याकडे कित्येकदा उलटे घडते. बाप्तिस्मा पिढ्यान्‌पिढ्यांचा, पण सोयरीक जुळवताना जुनी जात हळूच विचारली जाते.

पुढे टिळकांच्या घरात पोरक्या मुलांचा राबता राहिला. एकेकाळी विटाळाला भिणाऱ्या हातांनी लक्ष्मीबाईंनी त्यांना जेवू घातले. घरात पैशाची ओढगस्त नेहमीचीच, कारण टिळकांच्या हातात पैसा टिकत नसे. पण म्हणून मुलांना दार बंद झाले नाही.

१९१९ साली टिळक गेले. त्यांच्या 'ख्रिस्तायन' या महाकाव्याचे थोडेच अध्याय झाले होते. बाकीचे लक्ष्मीबाईंनी लिहिले. रीतसर शाळा न शिकलेल्या या बाईंनी 'स्मृतिचित्रे' हे आत्मचरित्रही लिहिले. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्यांचे निधन झाले. वडिलांचे सोवळ्याचे वेड त्यांनी त्या पुस्तकात लपवलेले नाही. ते सांगताना त्या हसतात, पण वडिलांवर राग धरत नाहीत.