सिग्नलला थांबलेल्या हेडमास्तरांनी फुटबॉलला दोन कार्डं दिली, पण त्या दोन्हींच्या मधली शिक्षा अजून ठरलेली नाही

फुटबॉल बघत नसाल तरी पिवळं कार्ड आणि लाल कार्ड म्हणजे काय, हे तुम्हाला माहिती असतं. पिवळं म्हणजे ताकीद, लाल म्हणजे सरळ बाहेर. पण ही कार्डं फुटबॉलमध्ये पहिल्यापासून नव्हती. ती आली १९७० च्या वर्ल्डकपमध्ये आणि ती आणली इंग्लंडमधल्या एका शाळेच्या हेडमास्तरांनी. त्यांचं नाव केन ॲस्टन.

आज फुटबॉलमध्ये एक वाद सुरू आहे. खेळाडूने रेफरीशी हुज्जत घातली किंवा मुद्दाम कुणाला पाडलं, तर त्याला दहा मिनिटांसाठी मैदानाबाहेर बसवायचं का? या शिक्षेला ‘सिन बिन’ म्हणतात. हा वाद नीट समजून घ्यायचा असेल, तर आधी ॲस्टन यांची गोष्ट बघावी लागते.

केन ॲस्टन यांचा जन्म १९१५ चा, इंग्लंडमधल्या कोलचेस्टरचा. शिकून ते शिक्षक झाले आणि १९३६ मध्ये रेफरीची परीक्षा पास झाले. तेवढ्यात दुसरं महायुद्ध आलं. घोट्याच्या दुखापतीमुळे हवाई दलाने त्यांना घेतलं नाही, मग ते तोफखान्यात गेले. तिथून त्यांची बदली ब्रिटिश इंडियन आर्मीत झाली. युद्ध संपलं तेव्हा ते लेफ्टनंट कर्नल होते. सिंगापूरच्या चांगीमध्ये युद्ध गुन्ह्यांचे खटले चालले, त्या न्यायाधिकरणावरही त्यांनी काम केलं.

युद्धानंतर ते परत शाळेत आणि मैदानावर आले. त्या काळी लाईन्समनच्या हातात यजमान टीमच्या रंगाचे झेंडे असायचे. दाट धुक्यात ते दिसायचेच नाहीत. ॲस्टन यांनी १९४७ मध्ये भडक पिवळे झेंडे वापरायला सुरुवात केली. गोष्ट छोटी, पण माणसाची सवय यात दिसते. मैदानावर काय चाललंय ते सगळ्यांना लांबून दिसलं पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता.

१९५३ मध्ये ते इलफर्डच्या न्यूबरी पार्क शाळेचे हेडमास्तर झाले. शाळा सांभाळत त्यांनी रेफरी म्हणून मोठं नाव कमावलं आणि १९६२ मध्ये चिलीतल्या वर्ल्डकपला पोहोचले. चिली विरुद्ध स्वित्झर्लंड ही पहिलीच मॅच त्यांनी चांगली हाताळली. मग त्यांच्याकडे आली चिली विरुद्ध इटली.

इथे वातावरण आधीच तापलेलं होतं. १९६० च्या भीषण भूकंपातून चिली अजून सावरत होता. अशात इटलीच्या काही पत्रकारांनी सँटियागो शहराबद्दल अतिशय वाईटसाईट लिहिलं. ते चिलीच्या पेपरांत छापून आलं आणि अख्खा देश खवळला.

२ जून १९६२ ला मॅच सुरू झाली आणि अवघ्या १२ सेकंदांत पहिला फाऊल झाला. काही मिनिटांतच ॲस्टन यांनी इटलीच्या जॉर्जिओ फेरिनीला बाहेर काढलं. तो जायलाच तयार होईना. शेवटी पोलिसांनी त्याला बाहेर नेलं. पुढे चिलीच्या लिओनेल सांचेझने इटलीच्या मारिओ डेव्हिडला बुक्की मारली. सांचेझ मैदानावरच राहिला. थोड्या वेळाने डेव्हिडने सांचेझला लाथ मारली, तो मात्र बाहेर गेला. सांचेझने हुंबेर्तो माशिओचं नाकही फोडलं, तरी तो शेवटपर्यंत खेळला. पोलीस पुन्हा पुन्हा मैदानात आले. चिली २-० ने जिंकला आणि ही मॅच ‘बॅटल ऑफ सँटियागो’ म्हणून बदनाम झाली.

ॲस्टन यांच्यावर सडकून टीका झाली. लाईन्समनकडून मदत मिळाली नाही, अशी त्यांची तक्रार होती. पण ज्याने बुक्क्या मारल्या तो आत आणि दुसरा बाहेर, हे जगाने बघितलं होतं. त्या वर्ल्डकपमध्ये दुखापतीमुळे त्यांनी पुढे एकही मॅच केली नाही. १९६३ ची एफए कप फायनल केली आणि शिट्टी खाली ठेवली. मग फिफाच्या रेफरी समितीत गेले आणि १९६६, १९७० आणि १९७४ या तीन वर्ल्डकपमध्ये रेफरींची जबाबदारी त्यांच्याकडे होती.

पुढचा गोंधळ झाला २३ जुलै १९६६ ला, लंडनच्या वेम्बली मैदानावर. क्वार्टर फायनल होती, इंग्लंड विरुद्ध अर्जेंटिना. जर्मन रेफरी रुडॉल्फ क्राइटलाइन यांनी अर्जेंटिनाचा कॅप्टन अंतोनिओ रातिनला बाहेर काढलं. रेफरीला स्पॅनिश येत नव्हतं आणि रातिनला जर्मन. तो दुभाषा मागत राहिला, मॅच अडकून पडली. शेवटी ॲस्टन स्वतः मैदानात उतरले आणि त्याला समजावून बाहेर काढायची धडपड त्यांना करावी लागली.

कहर म्हणजे, त्याच मॅचमध्ये इंग्लंडच्या बॉबी आणि जॅक चार्ल्टन या भावांनाही रेफरीने ताकीद दिली होती, हे मैदानावर कुणाला नीट कळलंच नव्हतं. पेपरात वाचल्यावर फिफाकडे विचारणा करावी लागली.

हा गुंता डोक्यात घेऊन ॲस्टन गाडीने निघाले होते. केन्सिंग्टन हाय स्ट्रीटवर सिग्नल लागला. पिवळा झाला, मग लाल. पिवळा म्हणजे सांभाळून, लाल म्हणजे थांबा. याला दुभाषा लागत नाही. घरी पोहोचल्यावर त्यांच्या पत्नी हिल्डा यांनी खिशात मावतील असे दोन रंगांचे कागद कापून दिले, असं सांगितलं जातं.

१९७० च्या मेक्सिको वर्ल्डकपमध्ये कार्डं पहिल्यांदा वापरली गेली. लाल कार्ड त्या वेळी एकदाही निघालं नाही. वर्ल्डकपमधलं पहिलं लाल कार्ड १४ जून १९७४ ला दाखवलं गेलं, कार्लोस कासेलीला. तो होता चिलीचा.

खुद्द इंग्लंडच्या लीगने कार्डं स्वीकारायला १९७६ साल उजाडलं. वापर फार सढळ होतोय म्हणून १९८१ मध्ये ती बंदही केली आणि १९८७ मध्ये परत आणली. आज ज्यांच्याशिवाय मॅचची कल्पना करवत नाही, त्या कार्डांवरही त्यांच्याच घरी सहा वर्षं विश्वास नव्हता.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. ॲस्टन यांनी शिक्षा दिसेल अशी केली, पण शिक्षेचं माप बदललं नाही. एका टोकाला नुसती ताकीद आणि दुसऱ्या टोकाला उरलेली अख्खी मॅच बाहेर. मधे काहीच नाही.

याचा तोटा कसा होतो, ते ११ जुलै २०२१ च्या युरो फायनलमध्ये दिसलं. इंग्लंडचा बुकायो साका बॉल घेऊन सुटला होता. इटलीच्या जॉर्जिओ किएलिनीने मागून त्याची कॉलर धरून त्याला खाली ओढलं. पिवळं कार्ड मिळालं, पण हल्ला थांबला. पुढे इटली पेनल्टीवर जिंकली. अशा फाऊलला लाल कार्ड जास्त होतं आणि पिवळं फारच स्वस्त पडतं. शिवाय पिवळी कार्डं साठून खेळाडूवर बंदी आली, तरी तो चुकतो पुढची मॅच. म्हणजे फायदा पुढच्या टीमला, ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांच्या हाती काहीच नाही.

इतर खेळांनी ही मधली जागा कधीच भरली. रग्बीत पिवळं कार्ड म्हणजे दहा मिनिटं बाहेर. हॉकीत हिरवं कार्ड म्हणजे दोन मिनिटं. प्रो कबड्डीतही हिरवं कार्ड ताकीद, पिवळं म्हणजे दोन मिनिटं बाहेर आणि लाल म्हणजे खेळ खल्लास.

फुटबॉलचे नियम ठरवणाऱ्या ‘आयफॅब’ने २०१७ मध्ये ज्युनिअर, हौशी आणि तळागाळातल्या फुटबॉलसाठी सिन बिनला परवानगी दिली. इंग्लंडने ते ३१ हौशी लीगमध्ये वापरून पाहिलं, फक्त रेफरीशी हुज्जत घालणाऱ्यांसाठी. हुज्जतीचं प्रमाण ३८ टक्क्यांनी घटलं. मग २०१९-२० च्या सीझनपासून खालच्या स्तरावर ते सगळीकडे लागू झालं. रविवारी सकाळी एकटाच उभा राहून शिव्या खाणाऱ्या रेफरीसाठी हा मोठा आधार आहे. तिथे ना कॅमेरे असतात, ना सिक्युरिटी.

मग वरच्या फुटबॉलमध्ये अडतंय कुठे? विरोधकांचं म्हणणंही हलकं नाही. दहा जणांची टीम ती दहा मिनिटं गोलसमोर भिंत करून बसेल, वेळ काढेल आणि बघणाऱ्याला कंटाळा येईल. बाहेर बसलेल्याचं अंग थंड पडून दुखापत होऊ शकते. आणि कुठला फाऊल ‘मधला’ हे ठरवताना रेफरीवर नवा वाद ओढवेल. २०२४ च्या सुरुवातीला यासाठी निळं कार्ड येणार अशी बातमी पसरली, पण फिफाने विरोध केला आणि मार्चमधल्या बैठकीनंतर निळं कार्ड बारगळलं. त्याच वर्षीच्या युरो स्पर्धेत दुसरा मार्ग निवडला गेला. रेफरीशी बोलायचं फक्त कॅप्टनने, बाकीचे अंगावर धावून आले तर पिवळं कार्ड.

ॲस्टन यांच्या अनुभवाकडे बघितलं तर दोन्ही बाजूंना काहीतरी सापडतं. सांचेझला बाहेर काढायचा अधिकार त्यांच्याकडे होता, तरी तो वापरला गेला नाही. म्हणजे नुसती नवी शिक्षा आणून भागत नाही, ती देणाऱ्याला चूक दिसावी लागते आणि साथ मिळावी लागते. आज मोठ्या मॅचमध्ये ती साथ द्यायला व्हिडिओ रेफरी आहे. हौशी मैदानावर तोही नाही, आणि तरी सिन बिनने तिथेच फरक पाडलाय. मोठ्या स्टेडियममध्ये न्यायच्या आधी ते खाली आणखी काही वर्षं वापरून बघणं, हा रस्ता त्यामुळे चुकीचा वाटत नाही.

ॲस्टन पुढे बरीच वर्षं अमेरिकेत मुलांच्या फुटबॉलसाठी रेफरी घडवत राहिले. १९९७ मध्ये त्यांना ब्रिटिश सरकारचा एमबीई सन्मान मिळाला आणि २३ ऑक्टोबर २००१ ला त्यांचं निधन झालं. निळं कार्ड येईल की नाही, हे आज सांगता येत नाही. पण आलंच, तर ते रेफरीच्या खिशात असेल ॲस्टन यांच्या दोन कार्डांच्या मधोमध.