लांबारेनेतील पियानो

जर्मन साम्राज्यातील आल्सेस प्रांतात १८७५ साली जन्मलेले अल्बर्ट श्वाइट्झर ऑर्गनवादक आणि बाखचे अभ्यासक म्हणून नावाजलेले होते. तिशीत वैद्यक शिकायला घेऊन १९१३ मध्ये ते आफ्रिकेतील गॅबनमध्ये लांबारेने येथे रुग्णसेवेस गेले. वादन सुटणार, अशी मनाची तयारी त्यांनी केलीच होती. मात्र पॅरिसच्या बाख सोसायटीने ऑर्गनसारख्या पायपट्ट्या जोडलेला, उष्ण प्रदेशातील हवेसाठी खास बनवलेला पियानो भेट दिला. दिवसभर रुग्ण, शिवाय बांधकामाची देखरेख. तरीही संध्याकाळचा थोडा वेळ राखून एकेक रचना ते मुखोद्गत करीत. महायुद्धात, १९१७ मध्ये, फ्रेंचांनी स्थानबद्ध केले तेव्हा तर मेजालाच वाद्य मानून बोटे चालविली. पुढे युरोपातील मैफलींच्या उत्पन्नाचा रुग्णालयाला मोठा आधार झाला.