पुणतांब्याचे अण्णा आणि बोंगोचा ठेका

आठ मात्रांचा केरवा आपल्याकडे कुणाला शिकवावा लागत नाही. वरातीत नाचणारे पोरही तो पायांत घेऊनच जन्माला येते. चार आणि चार अशी त्याची सरळ वाटणी. आता त्याच आठ मात्रा जरा निराळ्या वाटून पाहा. पहिल्या, चौथ्या आणि सातव्या मात्रेवर टाळी द्या. तीन, तीन आणि दोन. मात्रा तेवढ्याच, पण चाल एकदम बदलते. शेवटच्या दोन मात्रांशी पाय आपोआप उचलला जातो. चहाच्या टेबलावर बोटांनी वाजवून पाहा, घरातली लहान मुले लगेच मान हलवू लागतील.

ही वाटणी पश्चिम आफ्रिकेत फार जुनी आहे. आजच्या घाना, नायजेरिया या देशांच्या मुलखात चार-पाच ढोल एकाच वेळी वेगवेगळे बोल वाजवतात आणि लोखंडी घंटेचा एक ठेका त्या सगळ्यांना बांधून ठेवतो. तिथली माणसे गुलाम म्हणून जहाजांत कोंबून अमेरिकेकडे नेली गेली. ढोल मागे राहिले, ठेका मात्र माणसांबरोबर गेला. क्युबात त्याचा रुम्बा झाला, न्यू ऑर्लिन्समध्ये तो जॅझच्या अंगात भिनला. विसाव्या शतकात हाच ठेका समुद्रमार्गे मुंबईला उतरला आणि नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याच्या एका चितळकरांच्या हाती लागला. हे चितळकर म्हणजे संगीतकार सी. रामचंद्र. सिनेसृष्टीचे अण्णा.

रामचंद्र नरहर चितळकर यांचा जन्म 12 जानेवारी 1918 चा. शालेय अभ्यासापेक्षा गाण्याची ओढ जास्त. पुण्यात विनायकबुवा पटवर्धनांच्या गांधर्व महाविद्यालयात ते शिकले. आपल्या विदर्भाशीही त्यांचे नाते आहे. नागपूरला शंकरराव सप्रे यांच्याकडे त्यांनी गाण्याचे धडे घेतले. म्हणजे पाया पक्का शास्त्रीय. पण तरुणपणी डोक्यात सिनेमाचा नायक होण्याचे वेड होते. ‘नागानंद’ या चित्रपटात नायकाची भूमिका मिळालीही, परंतु नट म्हणून नशीब उघडले नाही. सोहराब मोदींच्या मिनर्व्हा मूव्हीटोनमध्ये किरकोळ भूमिका करता करता ते पेटीवर बसले आणि तिथेच त्यांचा मार्ग ठरला. दोन तमिळ चित्रपटांना संगीत देऊन झाल्यावर 1942 साली मास्टर भगवान यांच्या ‘सुखी जीवन’ने हिंदीत त्यांची सुरुवात झाली. भगवान आणि अण्णा, दोघेही मराठी, दोघेही खटपटे. ही दोस्ती पुढे मोठी रंगली.

आता थोडे मुंबईच्या हॉटेलांत जाऊ. 1935 साली ताजमहाल हॉटेलात लिऑन ॲबी नावाचा कृष्णवर्णीय अमेरिकन वादक आपला वाद्यवृंद घेऊन आला. हा माणूस व्हायोलिन वाजवणारा होता. जॅझ म्हटले की आपल्यासमोर ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन येतात, पण जॅझमध्ये व्हायोलिनचीही स्वतंत्र परंपरा आहे. ॲबीच्या मागोमाग आणखीही कृष्णवर्णीय वादक मुंबईत आले. त्यांचे वादन कान देऊन ऐकणारे, त्यांच्या जोडीला बसून वाजवणारे बरेचसे वादक गोव्याचे होते.

गोव्यात चर्चच्या शाळांतून मुलांना लहानपणीच स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकवण्याची जुनी पद्धत होती. त्यामुळे कागदावर लिहिलेले संगीत पाहताक्षणी वाजवणारी माणसे तिथल्या गावागावांत तयार झाली. हळदोण्याचा अँटोनियो शाव्हियर वाझ हा त्यांतलाच एक. 1916 साली जन्मलेला हा ट्रम्पेटवादक मुंबईत ‘चिक चॉकलेट’ या नावाने गाजला. लोक त्याला हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. पुढे इंग्रज गेले, संस्थानिकांची मिजास गेली, मुंबई राज्यात दारूबंदी आली आणि हॉटेलांतल्या रात्री ओस पडू लागल्या. पोटासाठी या वादकांनी सिनेमाच्या स्टुडिओची वाट धरली. अण्णांनी त्यांच्यासाठी दार सताड उघडले. चिक चॉकलेट त्यांचा सहायक झाला.

या दोघांचे काम कसे चालत असेल, हे समजायला त्या काळच्या स्टुडिओची रीत पाहावी लागते. संगीतकार पेटीवर चाल बसवायचा, गुणगुणून दाखवायचा. गोव्याचा सहायक ती कागदावर उतरवायचा, मधल्या जागा वाद्यांनी भरायचा, कुठे ट्रम्पेटची आरोळी, कुठे व्हायोलिनचा समूह हे ठरवायचा. व्हायोलिनला पडदे नसतात. म्हणून त्यावर आपली मींडही काढता येते आणि पाश्चात्त्य सुरावटही. दोन संगीतांमधला हा पूल सिनेमाला फार उपयोगी पडला. त्यात ठेक्याची भर घातली पारशी तालवादक कावस लॉर्ड यांच्यासारख्या मंडळींनी. बोंगोसारखी क्युबाची तालवाद्ये हिंदी चित्रपटात रुजवणाऱ्यांत त्यांचे नाव आवर्जून घेतले जाते. तबल्याशेजारी बोंगो आला आणि आपल्या केरव्याला ते तीन-तीन-दोनचे वळण मिळाले.

‘शहनाई’ (1947), ‘पतंगा’ (1949), ‘समाधी’ (1950) अशा पायऱ्या चढत अण्णा 1951 च्या ‘अलबेला’पर्यंत आले. भगवान स्वतः दिग्दर्शक आणि नायक, जोडीला गीता बाली. नायकाचा आवाज खुद्द अण्णांचा, गायक म्हणून नाव मात्र नुसते चितळकर. या चित्रपटाने देशाला नाचायला लावले. चिक चॉकलेट आणि त्याचे साथीदार तर एका गाण्यात झालरी लावलेले सदरे घालून चक्क पडद्यावर दिसतात.

माझ्या मते ‘अलबेला’ची खरी गंमत मात्र निराळी आहे. त्याच चित्रपटात, त्याच माणसाने पिलू रागाच्या अंगाने बांधलेली अंगाई आहे. एका गाण्यात बोंगो धडधडतो आणि दुसऱ्यात पाळण्याची दोरी हलते. पुढे 1953 च्या ‘अनारकली’त भीमपलासीच्या छायेतले गाणे देणारे अण्णाच, आणि 1957 च्या ‘आशा’त ‘ईना मीना डीका’ देणारेही अण्णाच. त्या गाण्याचे निरर्थक बोल मुलांच्या खेळातल्या गाण्यावरून सुचले आणि एका गोवेकर वादकाने त्यात कोंकणीचा तडका दिला, असे सांगतात. अर्थ शून्य, पण ठेका असा की सत्तरीच्या आजोबांनाही बसवत नाही.

अर्थात टीका झालीच. अण्णांनी परक्यांच्या चाली उचलल्या, शास्त्रीय शिकलेल्या माणसाने गाणे बाटवले, असा सूर निघाला. ‘समाधी’तल्या एका गाजलेल्या गाण्याचे ‘डॉल फेस’ या अमेरिकन चित्रपटातल्या गाण्याशी असलेले साम्य लपण्यासारखे नव्हतेच. माहिती व नभोवाणी मंत्री बा. वि. केसकर यांच्या काळात, 1952 मध्ये, आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली. परिणाम उलटाच झाला. त्याच वर्षी डिसेंबरात रेडिओ सिलोनवर अमीन सयानींची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली आणि लोकांनी रेडिओची सुई तिकडे फिरवली.

आमच्या वाशीमसारख्या गावात, जिथे बोंगो हे वाद्य कुणी डोळ्यांनी पाहिलेले नव्हते, तिथेही त्याचा ठेका याच वाटेने पोचला. पुढे लग्नातल्या बँडवाल्यांनी तो उचलला. मी ‘अलबेला’ची गाणी आधी बँडच्या क्लॅरोनेटवर ऐकली, चित्रपट पाहिला तो खूप नंतर. वरातीत पुढे डफडे, मागे बँड. हा ठेका दूर आफ्रिकेतून आला असेल, असे तेव्हा कुणाच्या मनातही आले नसेल. पोहरादेवीच्या यात्रेत बंजारा बांधवांचा नगारा घुमू लागला की आजही मला वाटते, ताल हा माणसाबरोबर चालत जाणारा जिन्नस आहे. तांड्याबरोबर तो जातो, तसाच जहाजाबरोबरही जातो. त्याला वेस नसते.

मग अण्णा चोर की निर्माते? मला वाटते, या प्रश्नाचे उत्तर कानांनी द्यावे. उसना ठेका घेणारे त्या काळात पुष्कळ होते. त्यांची बहुतेक गाणी त्या वर्षाबरोबरच संपली. अण्णांची टिकली, कारण ठेका कुठलाही असला तरी चालीचा जीव त्यांनी आपल्या मातीतून घेतला. तालाने पाय नाचवायचे आणि सुराने मन ओले करायचे, हा त्यांचा हिशेब पक्का होता. पुण्या-नागपूरची तालीम तिथे कामी आली. 27 जानेवारी 1963 रोजी दिल्लीच्या नॅशनल स्टेडियमवर, पंडित नेहरूंच्या उपस्थितीत लतादीदींनी कवी प्रदीप यांचे ‘ऐ मेरे वतन के लोगों’ गायिले, तेव्हा चीनच्या युद्धात पोळलेला देश रडला. ती चालही याच बोंगोवाल्या अण्णांची.

दुसरा एक हिशेब मात्र अजून चुकता व्हायचा आहे. ‘अलबेला’ म्हटले की आपण भगवानदादा, गीता बाली, लतादीदी आणि अण्णा अशी नावे घेतो. व्हायोलिनच्या समूहात मान खाली घालून वाजवणाऱ्या वादकांची नावे चित्रपटांच्या श्रेयनामावलीत बहुधा नसत. रेकॉर्डिंग झाले, पैसे घेतले, लोकल धरली, संपले. चिक चॉकलेट 1967 साली, पन्नाशीच्या आसपास गेला. गोवेकर वादकांची ही कथा पुस्तकांतून नीट सांगितली गेली ती एकविसाव्या शतकात, तोवर त्यांतले बहुतेक जण काळाआड गेले होते.

साठीच्या दशकात हिंदी चित्रपटांतले अण्णांचे काम ओसरले. लतादीदींचे आणि त्यांचे सूर त्याआधीच दुरावले होते, नव्या संगीतकारांची फळी पुढे आली होती. ते मराठीकडे वळले. ग. दि. माडगूळकरांच्या ‘गीत गोपाल’ला त्यांनी चाली दिल्या, 1970 च्या ‘घरकुल’मधून मराठी घराघरांत गोड गाणी पोचवली. 1977 साली ‘माझ्या जीवनाची सरगम’ हे आत्मचरित्र लिहिले. 5 जानेवारी 1982 रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. चौसष्टावा वाढदिवस आठवड्यावर आला होता.

आज लग्नात डीजे असतो. पण रात्र चढली आणि मोठ्या माणसांनी फर्माईश केली की ‘अलबेला’ अजूनही लागतो. पुढच्या वेळी तो लागला की नाचा जरूर. फक्त एखादे कडवे थांबून मागची वाद्ये ऐका. बोंगोत कुणाचे तरी गुलामीतून वाचवून आणलेले धन आहे. व्हायोलिनात गोव्याच्या एखाद्या चर्चमधली सकाळ आहे. आणि या सगळ्यांना एका धाग्यात ओवणारा आवाज पुणतांब्याच्या चितळकरांचा आहे. मुलांना गाणे ऐकवताना ही तिन्ही नाती सांगावीत, एवढे देणे आपण त्यांचे लागतो.