बाबासाहेब आणि चाळीसगावचा टांगा

पिंप्राळ्याहून मुंबईस जाणारे आपले धम्मबांधव जळगाव स्टेशनवर गाडीत बसतात. पाचोरा मागे पडले की चाळीसगाव येते. याच स्टेशनवर १९२९ साली बोधिसत्त्व परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना टांग्यासाठी तासभर तिष्ठत राहावे लागले आणि पुढे त्याच टांग्याने त्यांच्या प्राणावर बेतले. ही हकीकत खानदेशातील प्रत्येक नवदीक्षित घरात मुलांना सांगितली गेली पाहिजे. आपल्या देशातील लोकशाही कोठे दुबळी आहे, ते तिच्यावरून कळते.

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे सुभेदार रामजी व भीमाबाई यांच्या पोटी झाला. शाळेत त्यांना घरून नेलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागे. शिपायाने वरून पाणी ओतले तरच तहान भागे. तेच बाबासाहेब पुढे कोलंबिया व लंडन येथे शिकून अर्थशास्त्राचे पंडित व बॅरिस्टर झाले. २० मार्च १९२७ रोजी त्यांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. त्याच वर्षी ते मुंबई कायदेमंडळाचे सभासद झाले.

१९२८ साली मुंबई सरकारने अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करण्यासाठी स्टार्ट समिती नेमली. बाबासाहेब तिचे सभासद होते. खानदेशचे दोन्ही जिल्हे त्यांच्याकडे व आणखी एका सभासदाकडे सोपविले होते. काम आटोपून परतताना ते चाळीसगावला उतरले. धुळे मार्गावरील एका गावात सवर्णांनी अस्पृश्यांवर बहिष्कार पुकारला होता, त्याची चौकशी करावयाची होती. चाळीसगावच्या आपल्या मंडळींनी मुक्कामाचा आग्रह धरला व तो त्यांनी मानला. त्या गावी जाऊन ते पुढच्या गाडीने परतले. गळ्यात हार पडले. पण निघण्याची चिन्हे दिसेनात.

स्टेशनबाहेर टांगे पुष्कळ होते. परंतु अस्पृश्याला बसवून टांगा हाकणे एकाही टांगेवाल्यास मान्य नव्हते. आपल्या पुढाऱ्याने दोन मैल पायी चालावे, हे आमच्या मंडळींना रुचेना. अखेर तोड निघाली. मालकाने टांगा भाड्याने द्यावा, हाकणारा मात्र महारांनी आणावा. त्यांच्यापैकी कोणाचाही तो धंदा नव्हता. एकाने धीर करून लगाम हाती घेतला. थोड्या अंतरावरच मोटारीशी टक्कर होता होता वाचली. पुढे नदीवरील फरशीला कठडा नव्हता, कडेला अंतराअंतरावर दगड तेवढे होते. वळणावर घोडा बिथरला, चाक दगडावर आदळले, बाबासाहेब फरशीवर फेकले गेले व बेशुद्ध झाले. घोडा आणि टांगा नदीत पडला. पायाचे हाड मोडले. रडणाऱ्या बायामाणसांनी त्यांना उचलून महारवाड्यात नेले.

त्या हाकणाऱ्या भावाला आपण दोष देऊ नये. दोष त्या समाजरचनेचा, जिच्यात बॅरिस्टर आणि कायदेमंडळाचा सभासददेखील टांगेवाल्याच्या लेखी कमी प्रतीचा ठरतो.

समितीचा अहवाल १९३० साली झाला. त्यात दिसले ते असे की, गावोगाव अस्पृश्य मूठभर, सवर्ण बहुसंख्य. जमीन त्यांची, दुकान त्यांचे, पोलीस व अंमलदारही बहुधा त्यांच्यातलेच. अस्पृश्याने हक्क मागितला की मजुरी बंद, वाण्याकडचे मीठमिरची बंद, वाट बंद. त्याच वर्षी लंडनच्या गोलमेज परिषदेत बाबासाहेबांनी बहिष्कार हा कायद्याने गुन्हा ठरवावा अशी मागणी केली. आधारासाठी त्यांनी ब्रह्मदेशाचा १९२२ चा कायदा पुढे केला. १९४७ च्या निवेदनातही त्यांनी ही मागणी सोडली नाही. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा झाला तो २०१६ साली!

या मागणीचे मर्म काय? ज्या देशात मतांनी बनलेले बहुमत बदलते, तेथे आजचा अल्पमतवाला उद्या सत्तेवर येऊ शकतो. आपल्याकडे बहुमत जन्माने ठरते. जन्माचे बहुमत कितीही निवडणुका झाल्या तरी बदलत नाही आणि अल्पसंख्याकाला त्याच्या मर्जीवर जगावे लागते. अशी लोकशाही नावापुरतीच उरते, हे बाबासाहेबांनी खानदेशच्या वाटेवर स्वतःच्या देहाने अनुभवले होते.

घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष झाल्यावर त्यांनी अस्पृश्यता नष्ट करणारे १७ वे कलम आणि दुकाने, विहिरी, रस्ते सर्वांना खुले करणारे १५ वे कलम घटनेत आणले. तरीही २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत त्यांनी बजावले की, मतदानात समता आणि जीवनात विषमता हा विरोध लवकर मिटला नाही तर विषमतेत पिचणारे लोकच हा डोलारा उलथून टाकतील. सभेचे नियम, ठराव व मतदान या गोष्टी भगवान बुद्धांच्या भिक्खूसंघाला ठाऊक होत्या, याचीही आठवण त्यांनी त्याच भाषणात दिली. १९५२ साली पुण्यात वकिलांपुढे बोलताना त्यांनी सांगितले की, बहुसंख्याकांनी अल्पसंख्याकांवर जुलूम केला तर लोकशाही टिकत नाही.

कायदा दार उघडतो, पण माणसाच्या मनातील उच्चनीचता कायद्याने निघत नाही. तिला मैत्री आणि बंधुता लागते. म्हणून १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला त्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली व लाखोंना दिली. त्याच वर्षी ६ डिसेंबरला त्यांचे महापरिनिर्वाण झाले. धम्म स्वीकारला म्हणून आपल्या लोकांच्या केंद्रातील सवलती गेल्या आणि त्या परत मिळण्यास १९९० साल उजाडले. अल्पसंख्य असण्याची किंमत आपण अशी मोजली आहे.

तेव्हा धम्मबांधवांनो व भगिनींनो, आपले कर्तव्य दुहेरी आहे. अन्याय झाला तर घटनेचा आधार घेऊन संघटितपणे दाद मागावी. आणि आपल्या घरात, लग्नसंबंधात, विहाराच्या पंगतीत जुनी पोटजात विचारणे आजच बंद करावे. इतर दुबळ्या समाजाचा माणूस दाराशी आला तर त्याला चाळीसगावच्या स्टेशनवरील वागणूक आपल्याकडून मिळता कामा नये. बावीस प्रतिज्ञा घेणाऱ्याला दुसरे काही शोभत नाही.

जय भीम! नमो बुद्धाय!