यंत्राला माणसांचे शब्द शिकवणाऱ्या ग्रेस हॉपर

संगणक नव्याने शिकणाऱ्याच्या कानावर पहिल्याच दिवशी दोन शब्द पडतात: हार्डवेअर आणि सॉफ्टवेअर. हाताला लागते ते हार्डवेअर. त्या यंत्राने काय करावे हे सांगणाऱ्या आज्ञा म्हणजे सॉफ्टवेअर. या आज्ञा माणसाला समजतील अशा शब्दांत लिहिता येतात, हे आज गृहीत धरले जाते. १९५० च्या दशकारंभी मात्र अनेक जाणकारांनाही ते अशक्य वाटत होते. ते शक्य करून दाखवणाऱ्यांत डॉ. ग्रेस हॉपर यांचे नाव अग्रभागी आहे.

त्यांचा जन्म ९ डिसेंबर १९०६ रोजी न्यूयॉर्क येथे झाला. लहानपणी घरातली गजराची घड्याळे उघडून पाहण्याचा त्यांना नाद होता. येल विद्यापीठातून १९३४ मध्ये त्यांनी गणितात डॉक्टरेट मिळवली. व्हॅसार महाविद्यालयात त्या शिकवत असतानाच दुसरे महायुद्ध पेटले. नौदलाच्या निकषांनुसार त्यांचे वय जास्त आणि वजन कमी होते. तरीही सवलत मिळवून १९४३ मध्ये त्या राखीव दलात दाखल झाल्या.

१९४४ मध्ये त्यांची नेमणूक हार्वर्ड विद्यापीठातील 'मार्क-१' या यंत्रावर झाली. सुमारे ५१ फूट लांबीच्या या यंत्राला कागदी फितीवर भोके पाडून आज्ञा द्याव्या लागत. तपासलेले आज्ञांचे तुकडे वहीत जपून ठेवायचे आणि गरजेनुसार हाताने उतरवून घ्यायचे, अशी पद्धत होती. उतरवताना एखादी जरी चूक झाली, तरी सारे गणित बिघडे.

ही नक्कल यंत्रानेच का करू नये, या प्रश्नाने हॉपर यांचा पाठपुरावा केला. १९४९ मध्ये त्या 'युनिव्हॅक' संगणक तयार करणाऱ्या कंपनीत रुजू झाल्या. १९५२ मध्ये त्यांनी 'ए-०' ही प्रणाली सिद्ध केली. नेहमी लागणारे आज्ञांचे तुकडे फितीवर साठवून त्यांना क्रमांक दिले, की संगणक ते शोधून स्वतःच जोडत असे. संगणक केवळ आकडेमोड करतो, अशी समजूत असलेल्यांचा त्यावर विश्वास बसेना.

त्यांचे पुढचे पाऊल अधिक धाडसी होते. व्यापारी कचेरीतल्या कर्मचाऱ्याला गणिती चिन्हे परकी वाटतात. मग साध्या इंग्रजी शब्दांत आज्ञा का नकोत? हे पटवून देण्यासाठी त्यांनी तोच कार्यक्रम फ्रेंच आणि जर्मन शब्दांतही चालवून दाखवला. अमेरिकेत बनलेल्या यंत्राला परक्या भाषा कळाव्यात, या कल्पनेनेच वरिष्ठ बिचकले. ते केवळ इंग्रजीतच चालेल, अशी ग्वाही देत हॉपर यांना पुन्हा समजूत घालावी लागली. अखेर 'फ्लो-मॅटिक' ही भाषा आकाराला आली आणि १९५९ मध्ये एका समितीने आखलेल्या 'कोबोल'चा ती मुख्य आधार ठरली. बँका आणि विमा कंपन्यांचे कितीतरी व्यवहार आजही कोबोलवर चालतात.

नौदलाने त्यांना १९६६ मध्ये निवृत्त केले आणि पुढच्याच वर्षी सहा महिन्यांसाठी परत बोलावले. ती सेवा १९८६ पर्यंत लांबली. रिअर अॅडमिरल या पदावरून त्या अखेर निवृत्त झाल्या, तेव्हा त्यांचे वय ७९ होते. व्याख्यानांत त्या श्रोत्यांना सुमारे ३० सेंटिमीटर लांबीचे तारेचे तुकडे वाटत. सेकंदाच्या अब्जांशात प्रकाश किती अंतर कापतो, हे त्या तुकड्यावरून नवख्यालाही उमगे. १ जानेवारी १९९२ रोजी त्यांचे निधन झाले. संगणकापुढे बिचकणाऱ्या माणसाला कमी न लेखता यंत्रालाच त्याच्याजवळ आणणे, हे त्यांचे आयुष्यभराचे काम होते.